आधी ठेवून दाखवा

"उचलायचं मागनं शिकवतो," दस्तगीरभाई म्हणाले. "आधी ठेवून दाखवा."

त्यांनी दहा किलोचं डंबेल माझ्या हातांत दिलं आणि दोन पावलं मागं सरकले. मी ओढणी कमरेला करकचून बांधून, दात-ओठ खाऊन उचलायच्या तयारीनं आलेली बाई. ठेवायला कसलं आलंय शिकायचं? मी कमरेत वाकले आणि दिलं सोडून.

धाड्!

खालच्या फळ्या हादरल्या आणि माझ्या पायांभोवती पिवळा धूर उठला. खरोखरचा पिवळा. गुडघ्यापर्यंत चढला, खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात शिरला आणि तिथंच तरंगत राहिला. मी आपली बघतच राहिले. आरशासमोरच्या पाच-सहा बायका एका सुरात ओरडल्या, "हळद लागली! हळद लागली!" खालून कुणीतरी काठीनं छताला दोनदा ठोकलं.

"खाली हळदीचं गोडाऊन हाय," दस्तगीरभाई शांतपणे म्हणाले. "फळ्यांच्या फटीत बसलेली असती. डंबेल आपटलं की उडती. आमच्यात रिवाज हाय वैनी, ज्याला हळद लागली त्यानं त्या दिवशी परत दोन किलोपासून सुरुवात करायची. जावा, ते गुलाबी घ्या."

ते गुलाबी डंबेल म्हणजे पोरांचा खुळखुळा. मी चिडले. मला चिडायला फारसं काही लागत नाही, माहेरी मला फटाकडीच म्हणायचे. पण घेतलं. गरज माझी होती.

याला आता पंधरा वर्षं झाली. सांगलीत नदीकडं जाणाऱ्या रस्त्यावर दस्तगीर मुजावरांची ही जिम होती. जिम म्हणजे काय, गोडाऊनवरचा माळा. लाकडी जमीन, कडेचा पारा उडालेला एक लांबलचक आरसा, आणि पश्चिमेला तीन खिडक्या. दुपारी दोन ते चार बायकांची बॅच. त्या वेळी सगळं गावच पेंगत असायचं. खाली पोत्यांवर हमाल झोपलेले, रस्त्यावर एखादीच सायकल. माळ्यावर हळदीचा उबट वास आणि ते पिवळं ऊन. आरशात आम्ही सगळ्या लांब कुठंतरी पाण्याखाली असल्यासारख्या दिसायचो. कुणी फार बोलायचं नाही. श्वास तेवढे ऐकू यायचे.

"वजन कमी करायचंय?" दस्तगीरभाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"हो," मी ठोकून दिलं.

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मी बावन्न किलोची, नुसती काडी. 

खरं कारण घरात खाटेवर पडलं होतं. आत्ती. म्हणजे माझ्या सासूबाई, अनंतमती मगदूम. वजन अठ्ठ्याहत्तर किलो, जीभ त्याहून भारी.

जानेवारीत त्या न्हाणीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, रोज उठवून उभं करा, पडून राहिल्या तर पडूनच राहतील. माझे यजमान धन्यकुमार बेळगावला नोकरीला, शनिवारी यायचे. लेक शाळेत. म्हणजे उठवणार कोण, तर मी. मार्चमधे एका सकाळी मी त्यांना खाटेवरून उठवायला गेले आणि त्या माझ्या हातांतून निसटल्या. फरशीवर बसल्या त्या धप्पकन. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून आत्तींनी मला उठवायला म्हणून अंगाला हात लावू दिला नाही. मलाच काय, कुणालाच नाही. सकाळी एक बाई येऊन अंथरुणातच सगळं उरकायची. शेजारच्या काकू भेटायला आल्या की आत्ती छताकडं बघत म्हणायच्या, "सुनंनं पाडलं बघ मला." काकू माझ्याकडं बघायच्या. मी चहा ठेवायला आत जायची.

मे महिन्यात पुण्याहून पद्मावन्सं आल्या. माझी थोरली नणंद. त्यांनी आईची पाठ बघितली, तिथं लाल झालं होतं. ओसरीवर येऊन त्या मला म्हणाल्या, "हे बघ त्रिशला, तुला दोष देत नाही मी. पण हे असं चालायचं नाही. पुण्यात एक चांगली संस्था आहे, उचलायला माणसं असतात तिथं. दिवाळीपर्यंत बघू. दिवाळीच्या आदल्या रविवारी मी गाडी घेऊन येते. तोवर आई उठून उभी राहिली तर ठीक, नाहीतर मी घेऊन जाते."

आतून आत्तींनी ऐकलं. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्या घरात सून म्हणून आल्यापासून दवाखाना सोडला तर त्या पन्नास वर्षांत चार रात्रीसुद्धा बाहेर राहिल्या नव्हत्या. आणि मला काय वाटलं? सुटले, असं वाटायला पाहिजे होतं. पण त्या भिंतीकडं वळलेल्या पाठीकडं बघून तसं वाटलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी माळ्याचा जिना चढले.

तीन आठवडे मी नुसतं ठेवायला शिकले. दस्तगीरभाई पूर्वी वेटलिफ्टर होते. पन्नाशी उलटलेली, दाढी मेंदीनं लाल, पण चालायचे मांजराच्या पावलानं. शिकवायची त्यांची एकच तऱ्हा. मागं उभं राहायचं आणि पुटपुटायचं.

"पाय खांद्याएवढे. टाचा दाबा. मागं स्टूल हाय आसं समजा, त्यावर बसा. पाठ वाकू देऊ नका, बसा... बसा... श्वास घेत घेत खाली. आता ठेवा. पाण्यावर पान ठेवतात तसं."

"एवढं जड पान?"

"ठेवणारा हलका पायजे. वजन उचलताना सगळ्यांचं ध्यान असतं वैनी. ठेवताना माणूस म्हणतो, झालं. आन् तिथंच पाठ जाती, तिथंच बोट चेंगरतं."

ज्या दिवशी माझ्या दहा किलोचा आवाज झाला नाही, त्या दिवशी बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला उगीच रडू आलं.

मग एका दुपारी मी त्यांना खरं सांगितलं. ते खिडकीत बसून सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कसं धरलं हुतं सासूबाईंना? दाखवा बघू." आणि पंधरा किलोचं डंबेल माझ्यासमोर उभं केलं.

मी दाखवलं. दोन पावलं लांब उभी राहिले, हात पुढं केले, कमरेत वाकले आणि ओढलं. पाठीत सण्णकन कळ आली.

दस्तगीरभाईंनी सुपारी बाजूला ठेवली. "आसं तर आम्ही शेजाऱ्याचं मांजर पण धरत न्हाई."

बायका हसल्या. मीही हसले. पण मला ती सकाळ आठवली. मी खरंच अशीच उभी होते, लांब. लग्न होऊन आठ दिवस झाले होते तेव्हा स्वयंपाकघरात भाकरी शिकताना मी आत्तींच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले होते, तर त्या म्हणाल्या होत्या, "अंगाला अंग लावून काय उभी राहतीस? हो तिकडं." मी झाले तिकडं. त्यानंतर बारा वर्षं सणासुदीला पायाला हात लावायचा तेवढाच. त्यांना उचलायची वेळ आली तरी माझे हात तेवढेच लांब राहिले होते.

"इकडं बघा." त्यांनी डंबेल उभं धरलं आणि दोन्ही तळवे त्याच्या वरच्या डोक्याखाली घालून छातीला टेकवलं, लेकरू घेतात तसं. "हे इथं पायजे. अंगाला चिकटून. लांब धरलं की पंधराचं तीस हुतं, जवळ धरलं की पंधराचं धा. हात न्हाई उचलत वैनी, पाय उचलतात. हातानं नुसतं सोडायचं न्हाई."

त्या दिवसापासून मी डंबेल छातीशी कवटाळून बसायला-उठायला लागले. पंधरा, मग साडेसतरा. लोखंड आधी गार लागायचं, दहा वेळा बसून उठेपर्यंत माझ्याइतकं गरम व्हायचं. डोळे अर्धे मिटायचे. पिवळ्या उन्हात मी खाली जायची, वर यायची, आणि मागून त्यांचा आवाज यायचा. जड वजन घेतलं की ते मागं येऊन माझ्या कोपरांखाली दोन-दोन बोटं लावायचे आणि म्हणायचे, "तुमचंच हाय, तुमचंच हाय. मी नुसती बोटं लावलीत."

सगळ्या जिममधे हे म्हणतात, हे मला मागाहून कळलं. आणि सगळेच खोटं बोलतात. त्या दोन बोटांनी चांगलं पाच-सात किलो उचललेलं असतं. पण ऐकणाऱ्याला खरं वाटतं आणि तो उठतो.

ऑगस्टची एक दुपार. त्या दिवशी एका नव्या बाईनं माझ्या शेजारीच वीस किलो आपटलं होतं आणि मी डोक्यापासून पायापर्यंत पिवळी होऊन घरी आले. शेजारच्या काकू आत्तींजवळ बसल्या होत्या, त्या उठून गेल्या. खोलीत पडदा ओढलेला. आत्ती अर्धवट झोपेत. मी पाण्याचा तांब्या भरून ठेवायला खाटेजवळ वाकले, तशा त्या डोळे न उघडताच म्हणाल्या,

"कोण आलंय? हरिपूरचं कोण आलंय?"

हरिपूर म्हणजे त्यांचं माहेर, गावाला लागूनच. तिथं जमिनीत पेवं खणून हळद साठवायचे. त्यांचे वडील त्याच धंद्यात होते.

"मी हाय आत्ती. त्रिशला."

"वास कसला हा?"

"हळदीचा."

त्यांनी डोळे उघडले, पण ते माझ्याकडं नव्हते. "आण्णांच्या अंगाला असाच यायचा गं. पेवातनं वर आले की नुसते पिवळे पिवळे, डोळे तेवढे काळे. मी पळत जायची. आई म्हणायची, कपडे घाण हुतील. आण्णा तसंच उचलायचे. लई उंच न्यायचे. खाली ठेवताना कळायचं पण न्हाई कधी ठेवलं." त्या थांबल्या. छताला कुठंतरी पाल चुकचुकली. "परत कुणी उचललं न्हाई मला. कोण उचलणार?"

आणि त्यांनी हात वर केले. दोन्ही हात, लहान मूल करतं तसे. झोपेत होत्या की जाग्या, मला आजही सांगता येणार नाही.

 माझे पाय आपोआप खांद्याएवढे झाले. मी त्यांना आधी कुशीवर घेऊन काठावर बसतं केलं, त्यांचे पाय जमिनीला टेकवले आणि मग जवळ गेले. अगदी जवळ. त्यांची छाती माझ्या छातीला लागली, त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर आली. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या केसांना खोबरेल आणि औषधाचा वास होता. मी पाठीमागं दोन्ही हात गुंफले, टाचा दाबल्या, श्वास घेतला.

"आत्ती, तुम्हीच उठताय हं. मी नुसती बोटं लावलीत."

आणि उठले. बाई गं! अठ्ठ्याहत्तर किलो काय असतं ते मांड्यांना विचारा. डोळ्यांपुढं पिवळं झालं. पण पाठ ताठ होती आणि त्या माझ्यापासून लांब नव्हत्या. एक, दोन, तीन, चार मोजलं. मग श्वास घेत घेत खाली, स्टुलावर बसतात तसं. खाट करकरलीसुद्धा नाही.

आत्ती आता पूर्ण जाग्या होत्या. माझ्याकडं टक लावून बघत होत्या. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार.

"बोटं लावली म्हणं," त्या म्हणाल्या. "घामानं भिजलीय नुसती. खोटारडी."

आणि पाच मिनिटांनी, भिंतीकडं तोंड करून, "उद्या किती वाजता?"

मग रोज सकाळी आठ वाजता. आंघोळ झाली की मी त्यांच्या खोलीत जायची, त्या हात वर करायच्या. चार आकड्यांचे दहा झाले, दहाचे वीस. मी तेच म्हणायची, तुम्हीच उठताय, मी नुसती बोटं लावलीत. त्या "हूं" म्हणायच्या. उभ्या असताना त्या काही ना काही माझ्या कानात बोलायच्या. हळू, गोष्ट सांगितल्यासारखं. पेवात उतरायच्या आधी आत हवा आहे का, ते दिवा सोडून बघायचे ते. लग्नात त्यांना खरी हळद कशी माहेरच्या पेवातली आणली होती ते. सासूनं पहिल्या दिवशी काय म्हटलं ते. "मला म्हणाली, अंगाला अंग लावून उभी राहू नको."   वीस आकडे होऊन गेले तरी मी मोजत राहिले.

पर्युषण झालं, नवरात्र आलं. आणि एक गंमत व्हायला लागली. आत्ती हलक्या लागायला लागल्या. ऑगस्टमधे ज्या अठ्ठ्याहत्तर किलोंनी माझ्या डोळ्यांपुढं पिवळं केलं, ते आता मी सहज, गाणं गुणगुणत उचलायची. मला जाम चढली. जिममधे मी बायकांना सांगत सुटले, "सगळं फॉर्मवर असतं बघा. पाठ ताठ ठेवली की अठ्ठ्याहत्तर किलोसुद्धा कापूस."

"मग घ्या की पंचवीस," दस्तगीरभाई म्हणाले.

मी पंचवीसचं छातीशी धरलं, खाली बसले, आणि तिथंच राहिले. हललंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही. साडेबावीसच्या वर माझी गाडी जाईना.

"घरी अठ्ठ्याहत्तर कापूस," दस्तगीरभाई सुपारी कातरत म्हणाले, "आन् हितं पंचवीस हालंना?"

"इथं तुम्ही बघता ना, म्हणून दडपण येतं."

ते हसले. लाल दाढीत हसले. "लोखंडाला लबाडी येत न्हाई वैनी," एवढंच म्हणाले आणि उठून खिडकी लावायला गेले. मला वाटलं, माझ्यावर जळले.

आणि आला तो रविवार.

पद्मावन्सं सकाळी दहालाच आल्या. बाहेर गाडी उभी. यजमान आदल्या दिवशीच आले होते, कोपऱ्यात खुर्चीवर वर्तमानपत्र उलटंसुलटं करत बसलेले. आत्तींची पिशवी भरून खाटेच्या पायथ्याशी ठेवली होती. त्यात दोन लुगडी, जपमाळ, औषधं. ती पिशवी मीच भरली होती, कारण वन्संनी फोनवर सांगितलं होतं. मी रोज उचलते हे मी फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या होत्या, "अगं, तू उचलणं वेगळं आणि तिनं उठणं वेगळं. तू आजारी पडलीस तर? मला ती स्वतः उभी राहिलेली बघायचीय."

हेच माझ्या छातीत काट्यासारखं रुतलं होतं. कारण मला माहीत होतं ना, उचलणारी मी आहे. 'तुम्हीच उठताय' हे खोटं मीच रोज सांगत होते. आज वन्संसमोर हात काढायला सांगितले की आत्ती पडणार. फरशीवर, सगळ्यांच्या देखत, दुसऱ्यांदा, आणि पुन्हा माझ्याच हातांतून. मी सकाळपासून चारदा मोरीत जाऊन तोंड धुतलं होतं.

"हं, दाखव," वन्सं म्हणाल्या. आवाज कडक होता, पण डोळे भरले होते. आईला न्यायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं.

आत्तींनी हात वर केले. मी जवळ गेले, छातीला छाती लावली.  मी त्यांच्या कानात म्हटलं, "आत्ती, मी सोडणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे. नेतील तर नेतील पुण्याला, पण मी पाडणार नाही तुम्हाला."

आम्ही उठलो. एक. दोन. तीन.

"त्रिशला, आता हात काढ," मागून वन्सं म्हणाल्या.

मी काढले नाहीत. उलट अजून घट्ट धरलं.

"सोड," आत्ती माझ्या कानात म्हणाल्या.

"पडाल."

"सोड म्हणते ना."

"नाही सोडणार!" मी बहुतेक मोठ्यानं ओरडले, कारण यजमानांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं.

तेव्हा आत्ती हसल्या. माझ्या मानेला त्यांचा श्वास लागला. "येडे," त्या फक्त मला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाल्या, "पर्युषण झाल्यापासनं मीच उठतीय. बोटं तर तू लावतीस."

माझे हात आपोआप सैल झाले. खाली पडले. आणि आत्ती उभ्या राहिल्या. खोलीच्या मधोमध, हिरव्या लुगड्यात, एक हात खाटेच्या दांडीवर टेकवून, स्वतःच्या दोन पायांवर. मग एक पाऊल टाकलं. मग दुसरं, जरा तिरकं. पिशवीपाशी गेल्या आणि ती पायानंच खाटेखाली ढकलली.

"पद्मे," त्या लेकीला म्हणाल्या, "जेवून जा. पुरणपोळी केलीय तिनं."

वन्सं रडत रडत आईच्या गळ्यात पडल्या. यजमान मागच्या दारी निघून गेले, ते अर्ध्या तासानं लाल नाकानं परतले. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. मला हसूही येत होतं आणि संतापही आला होता. दीड महिना! दीड महिना मी मांड्या फोडून घेतल्या, बायकांसमोर फुशारक्या मारल्या, आणि ही बाई स्वतःच उठत होती?

संध्याकाळी वन्सं गेल्यावर मी सरळ जाऊन विचारलं. राग आला की मला दम निघत नाही.

"आत्ती, सांगितलं का नाही मला?"

त्या खिडकीकडं बघत होत्या.  

"सांगितलं असतं तर," त्या म्हणाल्या, "आली असतीस व्हय जवळ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी आंघोळ करून त्यांच्या खोलीच्या दारात आले आणि तिथंच थबकले. आता जायचं काय कारण? त्या उठू शकत होत्या. खाटेच्या काठावर बसल्याच होत्या, पाय जमिनीला टेकलेले, काठी शेजारी ठेवलेली. मी चौकटीला हात लावून उभी, त्या माझ्याकडं बघतायत, मी त्यांच्याकडं. 

मग आत्तींनी काठी बाजूला सारली आणि दोन्ही हात वर केले.

"आज लई जड झालीय बघ," त्या म्हणाल्या. "उचल की."

चार वर्षं. रोज सकाळी आठला. त्या काठी घेऊन बस्तीपर्यंत देवदर्शनाला चालत जायच्या, दारातल्या भाजीवाल्याशी हुज्जत घालायच्या, गल्लीत सगळ्यांना सांगायच्या, "सुनंनं उभं केलं मला." पण सकाळी आठला त्यांना उठता यायचं नाही. मी पण रोज म्हणायची, तुम्हीच उठताय, मी नुसती बोटं लावलीत. जिममधे माझं पंचवीस झालं, मग तीसही झालं. दस्तगीरभाईंना मी सगळं सांगितलं तेव्हा ते नुसतं "मालूम हुतं" म्हणाले आणि मला नवीन सुपारी दिली.

पाचव्या वर्षी फाल्गुनात आत्ती गेल्या. सकाळचीच वेळ होती, खिडकीतून ऊन आलं होतं. आठ वाजता मी जवळ गेले तेव्हा त्यांनी हात वर केले नाहीत. मी समजले. गल्ली गोळा झाली, वन्सं निघाल्याचा फोन आला. खाली चटई अंथरली. देह खाटेवरून जमिनीवर घ्यायचा होता, तर चार पुरुष बाह्या सावरत पुढं आले.

"वहिनी, तुम्ही सरका. आम्ही घेतो."

"तुम्ही सरका," मी म्हटलं.

मी गुडघे वाकवून खाटेशी बसले. त्यांच्या पाठीखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा, आणि त्यांना छातीशी घेतलं. शेवटच्या आजारपणानं त्या पन्नास किलोच्याही राहिल्या नव्हत्या. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं सगळं वजन माझ्यावर होतं. खरंखुरं सगळं. मी टाचा दाबल्या आणि उठले. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, नेहमीच्या जागी. आपोआप माझ्या तोंडात ते वाक्य आलं, पण मी म्हटलं नाही. आज ते खोटं ठरलं असतं.

वीसपर्यंत मोजलं. मग पाठ ताठ ठेवून, श्वास घेत घेत, मी खाली बसत गेले. खोलीत एवढी माणसं, पण मला फक्त पिवळं ऊन दिसत होतं. चटईला आधी त्यांच्या टाचा लागल्या, मग पाठ, मग डोकं. मी तळहात त्यांच्या मानेखालून हळूच काढून घेतला.

आवाज झाला नाही.